जुनं दगडी घर पाहुण्यांसाठी उभं करायचंय. सुरुवात कुठून करावी?

उंबरठा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं बंद पडलेलं एक दगडी घर वाट्याला आलंय. गावाच्या कडेला आहे. खाली चार खोल्या, वर लांबलचक माळा. भिंती दोन फुटांहून जाड, बहुतेक अनघड दगडाच्या. कोपऱ्यांना आणि दारांच्या कडांना तेवढे घडीव दगड. आतून कुणीतरी केव्हातरी कमरेएवढ्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून ठेवलाय आणि त्याच्या बरोब्बर वर सगळीकडे ओलीचा पट्टा आहे. छपराचे काही वासे झुकलेत. मागे विहीर आहे, पाणी असतं.

डोक्यात असं आहे: पाहुण्यांसाठी पाच खोल्या, प्रत्येकीला जोडून बाथरूम, छपरावर सोलर पॅनेल, भिंतींना आतून इन्सुलेशन. 'पर्यावरणपूरक' असं पाटीवर लिहायचं तर ते खरं असावं, एवढी इच्छा.

दोन आर्किटेक्टशी बोलून झालं. एक म्हणतात, भिंती आतून सिमेंटने पक्क्या करा आणि वर काँक्रीटचा स्लॅब टाका, कायमची कटकट मिटेल. दुसऱ्या बाई म्हणतात, वर्षभर कशालाही हात लावू नका, नुसतं बघा. दोघंही आपापल्या जागी ठाम. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सांगावं.

भटकभवानी
वाचतेय. फोटो टाका ना! राहायला पहिली मी येणार.

ओळंबा
दुसऱ्या बाईंचं ऐका. 'वर्षभर बघा' हा वेळकाढूपणा वाटतो, पण सगळे ऋतू त्या भिंतीवरून गेल्याशिवाय तिचं दुखणं कळत नाही. हात अजिबात लावायचा नाही असं मात्र नाही. गळतंय तिथे ताडपत्री टाका, पन्हळी साफ करा, खिडक्या उघड्या ठेवा, भेगांवर तारीख घालून खुणा करा. भेग जुनी आणि थांबलेली आहे की अजून चालू आहे, हे त्या खुणांवरून समजतं. ऋतूप्रमाणे थोडी उघडझाप करणारी भेग वेगळी आणि एकाच दिशेने वाढत जाणारी वेगळी.

आता तुमचा ओलीचा पट्टा. अशा भिंतीला बहुधा दोन पदर असतात. बाहेरचा एक, आतला एक, आणि मधे खडे, चुरा, माती, चुना यांचा भराव. पावसात ती थोडं पाणी पिते आणि ऊन-वारा मिळाला की दगडांमधल्या मऊ सांध्यांतून ते सोडून देते. आतून सिमेंट लिंपलं की तिची एक बाजू बंद होते. मग पाणी वर सरकतं आणि सिमेंट जिथे संपतं तिथून बाहेर पडतं. म्हणून तुमचा पट्टा बरोब्बर गिलाव्याच्या वर आहे. पाण्यासोबत आलेले क्षार तिथेच सुकतात, त्यांचे स्फटिक दगडाच्या छिद्रांत वाढतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. लोणा लागला म्हणतात तो हाच.

पण सिमेंट काढायची घाई नको. आधी पाणी येतंय कुठून ते शोधा. जोरदार पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. दुरुस्तीच्या कुठल्याही अहवालापेक्षा त्या फेरीत जास्त कळतं. हिशोब सोपा आहे: 1 मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 1 लिटर. छपराचा विस्तार 100 चौरस मीटर असेल आणि 50 मिमी पाऊस झाला तर 5000 लिटर पाणी खाली येणार. पन्हळ एका जागी तुंबली की त्यातला मोठा हिस्सा एकाच कोपऱ्यावर ओतला जातो, आणि मग आपण 'जमिनीतून ओल चढते' म्हणत बसतो.

दुसरं म्हणजे बाहेरच्या जमिनीची पातळी. आतल्या फरशीपेक्षा बाहेरची जमीन 15-20 सेमी तरी खाली हवी. माती साचून आणि रस्त्याचे थर चढून ती वर येते. भिंतीलगतची माती उतरवा, उतार घरापासून दूर द्या, हवा तर खडीचा चर काढा. पण खणताना पायाच्या तळाखाली जाऊ नका. या घरांचे पाये पुष्कळदा उथळ असतात, आणि ओल घालवायला गेलेल्यांनी भिंत घालवल्याची उदाहरणं आहेत.

रोखठोक
चुना, श्वास घेणारी भिंत वगैरे कौतुक दरवेळी ऐकतो. एक साधा प्रश्न: सिमेंट चुन्यापेक्षा कितीतरी मजबूत आहे की नाही? लवकर पकडतं की नाही? मग शंभर वर्षं मागे कशाला जायचं?

ओळंबा
मजबूत आहे, तिथेच तर गोची आहे. जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 मध्ये घेतलं. त्याआधीची दगडी घरं, आणि त्यानंतरचीही बरीच, मऊ मसाल्यावर उभी आहेत. तापमानाने, ओलीने, पाया किंचित बसल्याने भिंत हलत असते. मसाला दगडापेक्षा मऊ असला तर बारीक तडा सांध्यात जातो आणि सांधा पुन्हा भरता येतो. मसाला दगडापेक्षा कडक असला तर तडा दगडात जातो. तोच प्रकार पाण्याचा. सिमेंटने दरजा (दगडांमधल्या फटी) भरलेल्या भिंती पाहा: सांधे शाबूत, बाहेर आलेले, आणि मधला दगड आत झिजत गेलेला. मऊ वालुकाश्मात तर हे फार लवकर दिसतं. बेसाल्ट किंवा ग्रॅनाइट असेल तर दगड स्वतः टिकतो, पण पाणी आत अडकतं आणि लाकूड कुजतं.

सांधा हा खर्ची पडायचा भाग आहे. काही पिढ्यांनी दरजा पुन्हा भरायच्या, हे त्या घराच्या रचनेतच धरलेलं असतं.

रोखठोक
बरं, हे मान्य करू. पण किल्लारीचा भूकंप विसरलात का? 30 सप्टेंबर 1993. माणसं मेली ती दगडाच्या जाड भिंतींखालीच. पाहुण्यांना तुम्ही पैसे घेऊन अशा घरात झोपवणार आहात. स्लॅब सुचवणाऱ्या आर्किटेक्टला उगाच खलनायक करू नका.

ओळंबा
हा आक्षेप रास्त आहे, आणि या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचाही. म्हणून जरा सविस्तर.

किल्लारीला पडलेल्या भिंती मुख्यतः मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या होत्या. दोन पदर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते किंवा फार थोडे होते, आणि डोक्यावर मातीचं जाड, जड धाबं. धक्का बसला की दोन पदर एकमेकांपासून सुटतात, मधला भराव खाली बसून त्यांना आणखी बाहेर ढकलतो, आणि वरचं ओझं थेट आत येतं. दोष नुसत्या दगडाचा नव्हता. पदर बांधलेले नव्हते, कोपरे बांधलेले नव्हते आणि वजन वर होतं.

आता स्लॅबचं. इटलीत उम्ब्रिया आणि मार्के या भागांत 1997 साली भूकंप झाला. तिथे जुन्या दगडी घरांची लाकडी छपरं काढून काँक्रीटची छतं आणि पट्टे बसवलेली बरीच घरं होती, मजबुतीसाठीच केलेली. ती वाईट रीतीने मोडली. खालची भिंत कमकुवतच राहिलेली, वर जड आणि ताठ काँक्रीट. हादऱ्यात छत भिंतीवर घणासारखं आपटतं. 2009 मध्ये इटलीतल्याच लाक्विलाच्या भूकंपात पुन्हा तेच दिसलं. म्हणजे भिंत न सुधारता स्लॅब टाकणं हे किल्लारीच्या चुकीचीच पुनरावृत्ती आहे, माती गेली आणि काँक्रीट आलं एवढंच.

करायचं काय? भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड आहेत का ते बघा. नसतील तर एकेक भोक आरपार पाडून, त्यात आकडा वळवलेली सळई ठेवून काँक्रीट भरतात; किल्लारीनंतरच्या दुरुस्तीत ही पद्धत वापरली होती. (हो रोखठोक, इथे थोडं सिमेंट मीही वापरतो. माझं भांडण त्याच्याशी नाही, ते भिंतभर थापण्याशी आहे.) पोकळ भरावात चुन्याचं पातळ ग्राउट, म्हणजे ओतता येणारा मसाला, सोडता येतं. समोरासमोरच्या भिंती पोलादी ताणपट्ट्यांनी बांधता येतात, बाहेर त्यांच्या चकत्या दिसतात. माळ्याच्या आणि छपराच्या तुळया भिंतींना नीट जखडता येतात. छप्पर हलकंच राहू द्या. हे सगळं बांधकामाचा इंजिनिअर ठरवेल, मी नाही आणि फोरम तर नाहीच. फक्त इंजिनिअर जुन्या दगडी बांधकामाची सवय असलेला शोधा. नवीन इमारतींचाच अनुभव असलेल्याच्या हातात एकच औषध असतं.

घरी करण्यासारखी चाचणी: लहान हातोडीने भिंत ठोकत जा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला लगेच कळतो. पोकळ आवाजाच्या जागी दोरी आडवी ताणून धरा. भिंत पोटाशी फुगलेली असेल तर दोरी सांगते. फुगवटा दिसला की त्या खोलीत सामानसुद्धा ठेवू नका, आधी टेकू लावा.

रोखठोक
हे पटलं. इटलीचं माहीत नव्हतं.

चुनखडी
आयडीच असा असल्यावर मला बोलावंच लागणार.

उंबरठाताई, चुना बाजारातून पोत्यात भरून येतो तेवढ्यावर थांबू नका, एकदा तो फुलताना बघा. कळीचा चुना (भाजलेली चुनखडी) पाण्यात टाकला की काही क्षण काहीच होत नाही. मग खडा चिरतो, सुस्कारा सोडल्यासारखा आवाज येतो आणि बघता बघता अख्खं पिंप उकळायला लागतं. नेहमी चुना पाण्यात घालायचा, पाणी चुन्यावर नाही. पिंप प्लास्टिकचं नको, डोळ्यांवर चष्मा, हातात लांब दांड्याचं फावडं, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली. डोळ्यात गेलेला चुना ही थट्टा नाही. निवला की गाळून पाण्याखाली ठेवायचा. पाण्याखाली तो महिनोन्महिने टिकतो, उलट लोण्यासारखा होत जातो. प्लिनी या रोमन लेखकाने तर त्या काळातला नियम नोंदवून ठेवलाय की तीन वर्षं मुरलेलाच चुना बांधकामाला घ्यावा. एवढं थांबायची गरज नाही, पण काही महिने मुरलेल्याचा हात वेगळाच लागतो.

प्रमाण साधारण एकास तीन. त्यामागे गंमत आहे: चांगल्या मिश्र वाळूच्या कणांमधली पोकळी तिच्या आकारमानाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास असते, चुन्याने ती भरायची. वाळू धारदार, लहानमोठ्या कणांची हवी. नुसती बारीक वाळू घेतली की गिलावा तडकलाच म्हणून समजा.

साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि ते काम फार सावकाश चालतं, महिन्याला मिलिमीटरभर धरा. म्हणून जाड थर एकदम नको, कडक उन्हात काम नको, ओली गोणपाटं टांगून ठेवायची. कडाक्याच्या थंडीतही नको. 5 अंशांच्या खाली पारा गेला की थांबायचं. जिथे कायम ओल आहे, जोत्यापाशी वगैरे, तिथे पाण्यात घट्ट होणारा हायड्रॉलिक चुना किंवा चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. जॉन स्मीटन या इंग्रज इंजिनिअरने 1750च्या दशकात समुद्रातल्या एडिस्टन दीपगृहासाठी नेमका हाच शोध घेतला होता: चिकणमातीचा अंश असलेल्या चुनखडीचा चुना पाण्याखालीही का घट्ट होतो.

वरून प्लास्टिकचा रंग फासू नका, नाहीतर एवढं करून पुन्हा दार बंद. चुन्याची पातळ सफेदी, चार-पाच हात.

रोखठोक
पर्यावरणाच्या नावाने चुना विकताय तर हेही सांगा की चुना भाजतानाही कार्बन सुटतो. 100 किलो चुनखडी भाजली तर 56 किलो कळीचा चुना आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड. भट्टीचं जळण वेगळं.

चुनखडी
अगदी खरं. घट्ट होताना चुना त्यातला बराचसा परत घेतो, पण जळणाचा धूर परत येत नाही. म्हणून चुन्याची पोती मोजून 'हरित' होता येत नाही. खरी बचत आहे ती उभ्या भिंतीत. ती कुणीतरी आधीच खणून, वाहून, रचून ठेवलेली आहे. ती न पाडणं हा या सगळ्या प्रकल्पातला सर्वांत मोठा पर्यावरणपूरक निर्णय, आणि त्यासाठी काहीच विकत घ्यावं लागत नाही.

रंधा
लाकडाबद्दल थोडक्यात. झुकलेला वासा म्हणजे गेलेला वासा नव्हे. भिंतीत घुसलेली टोकं तपासा, लाकूड मरतं ते तिथे. टोच्या घेऊन दाबा. चांगलं लाकूड टोच्याला नकार देतं, कुजलेल्यात तो मुकाट आत जातो. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं; लाकडात 20 टक्क्यांच्या वर पाणी कायम राहिलं की बुरशीला रान मोकळं. पाणी थांबवलं की बुरशी थांबते. आधी औषध फवारायचं आणि गळती तशीच ठेवायची, हे उलटं.

फक्त टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून त्याच जातीचं नवीन लाकूड तिरक्या सांध्याने जोडता येतं. पूर्ण तुळई बदलायला सांगणारा सुतार घाईत आहे.

आणि छप्पर उघडण्याआधी माळ्यावर संध्याकाळी बसून बघा. वटवाघळं किंवा गव्हाणी घुबड असेल तर पिल्लांचा हंगाम टाळून काम लावा. कित्येक देशांत वटवाघळांची जागा मोडणं गुन्हा आहे.

उंबरठा
डोकं भणभणलं, पण चांगल्या अर्थाने. सगळ्यांचे आभार. रंधा, टोच्या घेऊन गेले होते. माळ्याच्या सहा तुळयांपैकी दोघींची टोकं मऊ लागली, दोन्ही गळक्या कोपऱ्यातल्याच. आणि बाहेरची जमीन खरोखरच फरशीच्या बरोबरीला आलीय, मागच्या बाजूला तर वर. आता इन्सुलेशन, बाथरूम आणि सोलर यांवर कुणी बोलेल का?

पारा
इन्सुलेशनबद्दल. जाड दगडी भिंत म्हणजे उत्तम इन्सुलेशन हा गैरसमज आहे. दगडातून उष्णता बऱ्यापैकी सहज जाते. 60 सेमी भिंतीच्या एका चौरस मीटरचं वजन दीड टनाच्या आसपास भरतं. ती उष्णता अडवत नाही, साठवते आणि कित्येक तासांनी परत देते. गरम हवामानात हे वरदान आहे: दिवसा खिडक्या बंद, रात्री उघड्या, भिंत रात्री थंड होते आणि दिवसा खोली सावरते. थंड हवामानात, तेही फक्त शनिवार-रविवारी पाहुणे येणार असतील, तर हेच वजन आडवं येतं. शुक्रवारी शेगडी पेटवली तर भिंत ऊबदार होईपर्यंत पाहुणे परतलेले असतात. म्हणजे आधी तुमचं हवामान आणि घराचा वापर सांगा, मग इन्सुलेशन.

कुठेही असलात तरी क्रम हाच: आधी छप्पर, मग दारं-खिडक्यांच्या फटी, मग जमीन, आणि सर्वांत शेवटी भिंत. स्कॉटलंडमध्ये जुन्या दगडी भिंती जागेवर मोजल्या तेव्हा त्या पुस्तकी गणितापेक्षा बऱ्याच चांगल्या निघाल्या, कारण मधला भराव आणि त्यातली हवा गणितात नीट धरली जात नाही.

भिंतीला आतून फोमच्या पाट्या आणि प्लास्टिक लावलं तर मूळ भिंत थंड आणि ओली राहते. खोलीतली दमट हवा पाट्यांच्या मागे पोचली की पाणी तिथेच धरतं आणि बुरशी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. शिवाय रंधांच्या तुळयांची टोकं त्याच थंड भिंतीत आहेत. द्यायचाच तर वाफ जाऊ देणारा पातळ थर: लाकडाच्या तंतूंची पाटी चुन्यात चिकटवून, किंवा चुन्यात बुचाचा चुरा किंवा भांगेच्या काड्यांचा चुरा घालून केलेला गिलावा. तोही बाहेरची गळती थांबल्यावर आणि भिंत वाळल्यावर. युरोपात जुन्या इमारतींच्या ऊर्जासुधारणेसाठी 2017 पासून ईएन 16883 हे मानक आहे. त्यातही आधी इमारत समजून घ्या आणि मग उपाय निवडा असाच क्रम आहे.

फटी बुजवताना हवेची सोय ठेवा. ग्रॅनाइटचा प्रदेश असेल तर जमिनीतून येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू मोजून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये सुचवलेली पातळी घनमीटरला 100 बेकरेल आहे. पाहुणे दोन रात्री राहतात, पण तुम्ही वर्षभर राहणार.

सोलर: जुन्या वाशांवर पॅनेलचं वजन आणि वाऱ्याची ओढ कशाला? गोठा, शेड किंवा मोकळ्या जमिनीवर लावा. साफ करायलाही बरं आणि छपराला भोकंही नाहीत.

चावीवाली
मी पाहुण्यांचं घर चालवते, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगते. इमारतवाले भिंतीबद्दल बोलतात. मला पाहुण्यांची आंघोळ दिसते.

पाच खोल्या, पाच जोडलेल्या बाथरूम, म्हणजे दहा माणसं सकाळी आठ ते नऊच्या दरम्यान गरम पाण्याखाली. एवढी वाफ त्या घराने जन्मात पाहिलेली नाही. प्रत्येक बाथरूमला बाहेर जाणारा पंखा लागेल, पाण्याच्या आणि मैल्याच्या नळ्या जाड भिंतीतून न्याव्या लागतील, आणि भिंतीत गाडलेली नळी गळली तर ती तुम्हाला वर्षभर कळणार नाही. बाथरूम एकाखाली एक, एकाच बाजूला, नळ्या उघड्या किंवा उघडता येणाऱ्या पेटीत. खोलीच्या आत वेगळी चौकट उभी करून तिच्यात बाथरूम करा, मूळ भिंतीवर टाइल नको. उद्या काढावीशी वाटली तर भिंत जशीच्या तशी मिळाली पाहिजे.

जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या व्हेनिस सनदेचं पाचवं कलम हेच सांगतं: जुन्या वास्तूला समाजोपयोगी काम मिळणं चांगलंच, पण त्यासाठी तिची मांडणी आणि सजावट बदलायची नाही. तुमच्या खाली चार खोल्या आहेत. पाच पाहुण्यांच्या खोल्या, त्यात तुमचं स्वयंपाकघर, बसायची जागा... कुठून आणणार? भिंती फोडून? जास्त खोल्या हव्याच असतील तर इटलीतला 'अल्बेर्गो दिफ्युझो' वाचून पाहा. 1976 च्या फ्रिउली भूकंपानंतर ओस पडलेल्या गावांतल्या घरांचं काय करायचं, या विचारातून तो निघाला. जानकार्लो दल्लारा यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. एकच मोठं हॉटेल बांधायचं नाही. गावातल्या निरनिराळ्या जुन्या घरांत एकेक-दोन खोल्या, आणि स्वागत, स्वयंपाक, कपडे धुणं एका ठिकाणी. शेजारचं बंद घर तुमच्या माळ्यापेक्षा चांगली पाचवी खोली ठरू शकतं, आणि पैसा एकाच उंबऱ्यापाशी थांबत नाही.

आता कुणी सांगत नाही ते. सोलरचं कोमट पाणी. लीजनेला नावाचा जिवाणू 20 ते 45 अंशांच्या पाण्यात मजेत वाढतो आणि शॉवरच्या फवाऱ्यातून फुप्फुसात जातो. 1976 मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या संमेलनातून लोक आजारी पडले, त्याच्या तपासात तो पहिल्यांदा सापडला. टाकीतलं पाणी 60 अंशांपर्यंत तापवायचं, नळाशी भाजू नये म्हणून मिसळणारी झडप लावायची. आणि खोली आठवडाभर रिकामी असेल तर पाहुणे येण्याआधी सगळे नळ, शॉवर काही मिनिटं सोडून द्यायचे.

गॅसचा गिझर बाथरूमच्या आत कधीच नको. लाकडाची शेगडी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म प्रत्येक खोलीत. फटी बुजवलेल्या घरात ही गोष्ट आणखी धोक्याची.

भटकभवानी
मी आता आंघोळच करणार नाही तिथे आले की.

थेंबेथेंबे
विहीर आणि सेप्टिक टँक यांच्यातलं अंतर आधी मोजा. 30 मीटर तरी ठेवा, आणि शोषखड्डा विहिरीच्या उताराच्या बाजूला. वर असेल तर अंतर कितीही असो, झोप लागणार नाही. विहिरीचं पाणी तपासून घ्या, एकदा कोरड्या दिवसांत आणि एकदा पावसात.

घराचा सेप्टिक टँक पाहुण्यांना पुरत नाही. कारण माणसं जास्त एवढंच नाही, ती एकदम येतात. पाच दिवस शांत आणि दोन दिवस पूर. टँकमधलं पाणी किमान दिवसभर थांबलं नाही तर गाळ पुढे शोषखड्ड्यात जातो आणि तो कायमचा बुजतो. म्हणून टँक गर्दीच्या दिवसाच्या हिशोबाने. बाथरूमचं सांडपाणी वेगळं काढून वनस्पतींच्या वाफ्यातून सोडलं तर टँकवरचा भार निम्म्याहून कमी होतो. बाथरूममध्ये जंतुनाशकाच्या बाटल्या ठेवू नका. ते टँकमधले कामाचे जिवाणूही मारतात. नळांना जाळी, शॉवर मिनिटाला 8 लिटरच्या आतला.

थोडक्यात, किती पाहुणे घ्यायचे हे घर किती मोठं आहे यावर नाही, विहीर उन्हाळ्याच्या शेवटी किती देते आणि जमीन किती जिरवते यावर ठरवा.

उंबरठा
चावीवाली, थेंबेथेंबे, तुमच्या दोघांमुळे बेत बदलतोय. नवऱ्याशी बसून हिशोब केला. खाली पाहुण्यांच्या दोन खोल्या, दोन्हींना मिळून एका बाजूला दोन बाथरूम, माळा बसायला आणि वाचायला. शेजारी एक लहान घर बंद आहे, त्यांच्याशी बोलणी सुरू केलीत; जमलं तर तिथे तिसरी खोली. सोलर मागच्या शेडवर. पहिल्या आर्किटेक्टना स्लॅब नको म्हणून कळवलं. त्यांना आवडलं नाही. दुसऱ्या बाई इंजिनिअर घेऊन येतायत, आरपार दगड आणि ताणपट्ट्यांबद्दल त्यांनाच विचारते.

रोखठोक
खोल्या कमी म्हणजे उत्पन्न कमी. वर्षात किती रात्री भरतील याचा हिशोब आशेवर नको, निम्म्या रिकाम्या धरूनच करा. दुरुस्तीला मनात धरलेल्या रकमेवर वेगळी गंगाजळी ठेवा, जुन्या भिंतीच्या पोटात काय आहे हे ती उघडल्याशिवाय कळत नाही. आणि परवाना, आगीचे नियम, विमा हे काम सुरू व्हायच्या आधी. घरगुती विमा पैसे देऊन राहणाऱ्या पाहुण्यांना बहुतेक वेळा लागू पडत नाही.

रंधा
जुन्या दारांवरचा रंग खरवडण्याआधी त्यात शिसं आहे का तपासा. कोरडं घासू नका, ओलं करून काढा, घरात लहान मूल असेल तर त्या दिवशी बाहेर. छपरात जुने अ‍ॅसबेस्टॉसचे पत्रे असतील तर फोडू नका, त्या कामाची माणसं वेगळी असतात.

उंबरठा
नोंदवलं. शेवटचा प्रश्न, ओळंबा. बाहेरची माती उतरवून झाली आणि पन्हळी बसवून झाल्या की आतलं सिमेंट काढायचंच आहे. ते एकदम सगळं काढू की थोडंथोडं? ठेकेदार म्हणतो मशीनने दोन दिवसांत साफ करून देतो.

ओळंबा
मशीन घरात येऊ देऊ नका. ब्रेकरच्या हादऱ्याने मधला भराव सरकतो आणि आधीच सुटा असलेला आतला पदर हातात येतो. छिन्नी आणि लहान हातोडा, वरून खाली, सांध्यापासून सुरुवात. जिथे गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजतो तिथून काढा, तो जवळजवळ आपणहून सुटतो. जिथे दगडाला घट्ट धरून बसलाय आणि ओढताना दगडाचा कपचा येतोय, तिथे तो तसाच राहू द्या. नंतर बघू.

आधी एका भिंतीवर हातभर रुंदीची पट्टी उघडा आणि महिना-दोन महिने तशीच ठेवा. पूर्ण भिंत वाळायला मात्र जाडीच्या दर इंचाला एक महिना, असा ढोबळ अंदाज धरतात. दोन फुटांची भिंत दोन वर्षं मागेल. तोवर नवीन गिलावा करू नका. क्षारांची पांढरी बुकटी आली की कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि बाहेर टाका, पाण्याने धुतलीत तर ते क्षार परत आत जातील. पट्टीमागचा मसाला बोटाने भुगा होऊन येत असेल तर काम थांबवा, टेकू लावा आणि इंजिनिअरला बोलवा. फोटो इथेही टाका, उजेड बाजूने पडत असताना काढलेला. समोरून फ्लॅश मारला की फुगवटा दिसत नाही.